बाहेरून मॅट्रिक

(शाळा सोडलेल्यांच्या रात्रवर्गासंबंधी बोलावलेल्या बैठकीतलं भाषण. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं. बोली तशीच ठेवली आहे.)

मित्रांनो, आणि बसायला जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मैत्रिणींनो,

कविता वाचायची असली की मला कागदाआड लपता येतं. आज हातात कागद आहे, पण त्याच्यावर नुसते आकडे आहेत. आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत, आणि आजचं भांडण आकड्यांचंच आहे.

भांडण कसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा सुटलेल्या पोरापोरींना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचं म्हणून आपण रात्रवर्ग काढतोय. ४६ नावं आली. शिकवणारे तिघं. बाकडी वीस. म्हणून सूचना आली की आधी चाळणी परीक्षा घेऊ. गणिताचे वीस प्रश्न, मराठीचा एक उतारा. ज्यांना जमेल ते दहावीच्या वर्गात, बाकीच्यांनी सहा महिने पायाचा वर्ग करायचा आणि मग पुन्हा परीक्षा द्यायची. सूचना वाईट बुद्धीनं आलेली नाही. ज्यानं मांडली तो माझा जिवलग आहे, माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलाय, आणि आत्ता पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारतोय. तरी मी विरोधात आहे.

मी बाहेरून मॅट्रिक. आठवीत होतो तेव्हा बापाचा पंजा स्लिंगमध्ये सापडला, तीन बोटं गेली. मी आधी भाजीच्या गाडीवर, मग एका गोदामात, आणि अठरा पुरी झाली तसा गोदीत. कंत्राटी. लोखंडाच्या कॉइलला साखळी लावायची आणि बाजूला व्हायचं. वेळेत बाजूला होणं हीच तिथली शाळा. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण मी ट्यूबलाइटखालीच वाचलं, शेजारच्या टीव्हीच्या बोंबाबोंबीत. एकविसाव्या वर्षी पास झालो. ४७ टक्के. गणितात ३५, म्हणजे बरोब्बर काठावर.

मग टॅली क्लार्कच्या जागेसाठी एका ऑफिसात गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. जाहिरातीत 'दहावी पास' एवढंच लिहिलेलं. साहेबानं सर्टिफिकेट बघितलं, विचारलं, ''बाहेरून दिलीय का?'' म्हटलं, हो साहेब. त्यानं कागद हातात दिला नाही, टेबलावरून माझ्याकडे सरकवला. ''आम्ही रेग्युलरवाले बघतोय.''

बाहेरून. आज्याला पाणी बाहेरून, देवळाचं दर्शन बाहेरून, हॉटेलातला चहा बाहेरून, कपबशी वेगळी. नातवाला मॅट्रिक बाहेरून. शब्द काही बदलला नाही च्यायला.

आता अमेरिकेचं सांगतो. गोदीतल्या माणसाला अमेरिकेचं काय कळतं, असं मनात आलं असेल. माझी एक मावसबहीण आहे, ताई म्हणतो मी तिला. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन न्यू जर्सीत गेली. नवरा गोदामात, ही दुकानात काउंटरवर. तिला नर्सिंगचं शिकायचंय. तिकडे त्यासाठी आधी हायस्कूल पास पाहिजे. तिशीतल्या बाईनं शाळेच्या बाकावर जाऊन कसं बसायचं? तर तिकडेही बाहेरून मॅट्रिक आहे. त्याला जी.ई.डी. म्हणतात. ताई रात्री अकराला फोन करायची, म्हणजे माझी सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी, आणि आम्ही दोघं अपूर्णांकांवर बोलायचो. तिच्यामुळे मी या विषयात शिरलो. मग जे मिळेल ते वाचत गेलो.

या परीक्षेचा जन्म लढाईतला. १९४२ साली अमेरिकेची पोरं हायस्कूल अर्धवट टाकून सैन्यात गेली होती. ती परत आल्यावर काय करायचं? वीस-बावीस वर्षांच्या, मरण बघून आलेल्या माणसाला पुन्हा दहावी-अकरावीच्या वर्गात बसवायचं का? म्हणून आयोवा विद्यापीठातल्या ई. एफ. लिंडक्विस्ट या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली परीक्षा तयार झाली. विचार सरळ होता. माणूस वर्गात किती वर्षं बसला ते मोजू नका, त्याला काय येतं ते मोजा. १९४७ ला न्यूयॉर्क राज्यानं ती साध्या नागरिकांना खुली केली. हळूहळू बाकीची राज्यं आली, शेवटचं कॅलिफोर्निया, १९७४ ला. या विचाराला माझा सलाम आहे, कारण त्याच्याच देशी भावानं मला मॅट्रिक केलं.

पण बघा हं. सैनिकासाठी निघालेली परीक्षा मोलकरणीसाठी, काळ्या पोरासाठी, तुरुंगातल्या माणसासाठी झाली तसा तिचा भाव उतरला. 'समकक्ष' म्हणून जो डिप्लोमा मिळतो त्याच्याकडे मालक तिरक्या नजरेनं बघायला लागला. २००२ साली परीक्षेची नवी मालिका आली. तिची पासाची रेघ कुठं मारली असेल? शाळेतून रीतसर बाहेर पडणाऱ्या मुलांवर ती परीक्षा आधी करून बघितली आणि त्यांच्यातली शंभरात साठच पास होतील अशी रेघ मारली. म्हणजे रेग्युलरवाल्या शंभरातली चाळीस या परीक्षेत आपटली असती. पण त्यांना ती द्यावीच लागत नाही. ती आतली आहेत. बाहेरच्यानं आतल्या चाळिसांपेक्षा सरस ठरायचं, तेव्हा कुठं 'समकक्ष' म्हणवून घ्यायचं. माझ्या साहेबाला हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

जेम्स हेकमन म्हणून मोठा अर्थतज्ज्ञ आहे, २००० सालचं नोबेल. त्यानं १९९३ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर आकडे मांडून दाखवलं की जी.ई.डी.वाल्याची कमाई हायस्कूल पास माणसासारखी नसते, शाळा सोडलेल्यासारखीच राहते. आकडे खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. माझा पगार बघितला तर त्याचंच खरं आहे. पण तो कारण देतो की या लोकांची बुद्धी परीक्षेत दिसते, चिकाटी कमी पडते. इथं मात्र मी त्याच्याबरोबर पुढं जात नाही. बारा तास साखळी ओढून रात्री बीजगणित करणाऱ्याला चिकाटी शिकवायला कुणी येऊ नये. आणि कागद टेबलावरून सरकवणाऱ्या हाताचं काय? त्याचा रकाना कुठल्या तक्त्यात आहे?

२०१४ ला परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, एका मोठ्या कंपनीच्या भागीदारीत. चार विषय, साधारण सात तास. तेव्हा बहुतेक ठिकाणी चार विषयांचे मिळून १२० डॉलर पडायचे. अवघडही केली, इतकी की २०१६ च्या जानेवारीत पासाची रेघ १५० वरून १४५ वर आणावी लागली. ताईला पहिल्या खेपेला गणितात १४१ पडले. चार मार्कांनी गेली बिचारी. पुन्हा पैसे भरले, पुन्हा बसली आणि पास झाली. त्या रात्री तिनं चुलीवर नाही, ओव्हनमध्ये पुरणपोळ्या गरम केल्या आणि मला व्हिडिओवर दाखवल्या.

आणि इथून खरी गंमत.

तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची सरकारी कॉलेजं असतात. पहिलं १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी निघालं. गरिबाचं कॉलेज. फी कमी, रात्रीचे वर्ग, आणि दार उघडं. मार्क बघून हाकलत नाहीत. ताई डिप्लोमा घेऊन गेली. कॉलेजनं ये म्हटलं. आणि म्हटलं, आता एक छोटी परीक्षा दे, तुला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला. प्लेसमेंट टेस्ट. त्याच इमारतीत, त्याच खोलीत, त्याच लॉकरमध्ये पर्स ठेवून, जिथं बसून ती महिन्यापूर्वी जी.ई.डी. पास झाली होती.

या परीक्षेत नापास कुणी होत नाही, असं आधीच सांगतात. वेळेचं बंधन नसतं. कॉम्प्युटर एक प्रश्न देतो, बरोबर आला की पुढचा अवघड देतो, चुकला की सोपा. ताई म्हणाली, ''अरे, मध्येच प्रश्न सोपे व्हायला लागले ना, तसा माझ्या पोटात गोळा आला. मला कळलं, आपण बुडतोय.'' दोस्तहो, प्रश्न सोपा आला म्हणून पोटात गोळा येणं, ही नवी शिक्षा आहे. आपल्या मास्तरांच्या छडीला हे सुचलं नसतं.

निकाल तिथंच. कॉलेजच्या गणिताच्या दोन पायऱ्या खाली. म्हणजे आधी हा वर्ग कर, मग तो कर, मग खरं गणित, मग नर्सिंग. या खालच्या वर्गांची फी पूर्ण. पण पदवीच्या हिशेबात त्यांचा एक गुणही धरत नाहीत. पैसे भरायचे, वर्ष घालवायचं आणि जिथं आहे तिथंच उभं राहायचं. एक कागद म्हणतो तू समकक्ष. त्याच खोलीतला दुसरा कागद म्हणतो तू अजून तयार नाहीस.

ताई एकटीच कच्ची असेल, असं समजू नका. आता माझ्या कागदावरचे आकडे ऐका. कोलंबिया विद्यापीठाचं टीचर्स कॉलेज आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबियात शिकले तेच. तिथं कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. त्यांनी २०१० मध्ये दाखवलं की गणिताच्या पायाच्या वर्गांना धाडलेल्या शंभरातली साधारण तेहतीसच ती सगळी शिडी चढून जातात. बाकीची नापास होऊन गळतात असंही नाही. कित्येक तर नावच नोंदवत नाहीत. घरी जातात. मग २०१२ मध्ये तिथल्याच ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी तपासलं की ही परीक्षा माणसाला बरोबर जागी टाकते का. तर गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिनातला एक अगदीच चुकीच्या जागी पडतो. आणि जास्त चुका एकाच बाजूच्या. ज्याला वरचा वर्ग जमला असता त्यालाच खाली ढकललेलं.

अमेरिकेत परीक्षेची फाटकं नवी नाहीत. १९६५ चा मतदान हक्काचा कायदा येईपर्यंत दक्षिणेत काळ्या माणसाला मत द्यायच्या आधी साक्षरतेची परीक्षा होती. वही तपासणारा गोरा. ही प्लेसमेंटची परीक्षा तसल्या दुष्टाव्यानं निघाली असं मी म्हणत नाही. निघाली मदतीसाठीच. आपली चाळणी पण मदतीसाठीच निघतेय ना?

लिंडक्विस्टची गोष्ट पुढं अशी, की १९५९ ला त्यानं आणखी एकाबरोबर ए.सी.टी. नावाची परीक्षा-संस्था उभी केली. त्याच संस्थेनं पुढं कॉलेजांना कंपास नावाची प्लेसमेंट परीक्षा विकली. ज्यानं बाहेरच्यांसाठी दार केलं त्याच्याच कारखान्यातून आतली चाळणी बाहेर पडली. आणि २०१६ च्या अखेरीस संस्थेनं स्वतःच कंपास बंद केली, कारण तिचा अंदाज लागत नव्हता. मधल्या काळात जे घरी गेले त्यांना कुणी पत्र पाठवलं नसेल.

हळूहळू शहाणपण आलं. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदा केला की अशा परीक्षेवर माणसाला खाली टाकू नका, त्याचे शाळेतले मार्क बघा, आणि शक्यतो सरळ खऱ्या वर्गात बसवा. चांगला कायदा. पण माझ्यासारख्याच्या मनात लगेच येतं, शाळेतले मार्क कुणाचे बघणार? जो शाळेत होता त्याचे. जी.ई.डी.वाल्याकडे ते मार्कच नाहीत. सुधारणा आली की ती आधी आतल्याच्या घरी जाते, बाहेरच्याचा पत्ता तिला उशिरा सापडतो. ताईच्या कॉलेजातही हायस्कूलच्या मार्कांवर परीक्षा माफ होत होती. तिच्या शेजारच्या टेबलावरची अठरा वर्षांची पोरगी तशीच सुटली.

आता न्यूयॉर्कच्या दोन गोष्टी सांगतो, कारण माझं म्हणणं त्यांच्यावर उभं आहे.

कोलंबियापासून उत्तरेला हार्लेमच्या दिशेनं चालत गेलं की टेकडीवर सिटी कॉलेज लागतं. तेव्हा तिथं फुकट शिक्षण होतं, पण हार्लेमच्या पोरांना आत जागा नव्हती. १९६९ च्या एप्रिलमध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या एका भागाची फाटकं आतून बंद केली आणि तो भाग ताब्यात घेतला. परिणाम असा की १९७० पासून शहरातल्या हायस्कूल पास प्रत्येकाला शहर विद्यापीठाचं दार उघडलं. त्या वर्षी पहिल्या वर्षाला पस्तीस हजार पोरं आली, आदल्या वर्षाच्या जवळपास पावणेदोन पट. १९७६ मध्ये शहराचं दिवाळं वाजलं तेव्हा शंभराहून जास्त वर्षं चाललेलं फुकट शिक्षण बंद पडलं. काळी पोरं आत आली आणि सहा वर्षांत फी आली, याच्यावर मी काही बोलत नाही.

त्या गर्दीत मीना शॉनेसी नावाच्या बाई इंग्रजी शिकवायच्या. आलेल्या पोरांनी लिहिलेले प्लेसमेंटचे निबंध, सुमारे चार हजार, बाईंनी वाचून काढले. लाल रेघा मारून खालच्या वर्गात फेकायला नाही. प्रत्येक चुकीमागं त्या पोराचं काय डोकं चाललंय ते शोधायला. १९७७ ला त्याच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की ही पोरं मंद नाहीत, नवशिकी आहेत, आणि त्यांच्या चुकांना हिशेब आहे. एकाच कागदाचे दोन उपयोग झाले बघा. एकानं पोराची जागा ठरवली, दुसऱ्यानं मास्तरला शिकवलं.

दुसरी गोष्ट २०१३ ची, त्याच शहर विद्यापीठाच्या तीन कम्युनिटी कॉलेजांतली. ज्यांना पायाच्या बीजगणिताला टाकलं होतं असे ९०७ विद्यार्थी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून काहींना पायाच्याच वर्गात ठेवलं, आणि काहींना सरळ कॉलेजच्या संख्याशास्त्रात बसवलं, जोडीला आठवड्यातून एक जादा तास. पायाच्या वर्गात शंभरातले ३९ पास. वरच्या वर्गात ५६. अवघड वर्गात जास्त पास. कारण तिथं बसलेल्याला ठाऊक होतं की हे मोजलं जातंय, हे पुढं नेणार आहे.

माझा जिवलग हात वर करतोय. त्याचं म्हणणं मला पाठ आहे: ज्याला पाढे येत नाहीत आणि ज्याला वर्गसमीकरण येतं त्यांना एका बाकावर बसवून दोघांचंही नुकसान. बरोबर आहे. आणखी सांगतो, त्याच्या बाजूचा माझ्याकडे एक पुरावा पण आहे. ओकलंड हे आपल्यासारखंच बंदराचं गाव. तिथल्या मेरिट कॉलेजात, तेही कम्युनिटी कॉलेजच, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील भेटले आणि १९६६ ला त्यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. तेच नाव १९७२ ला मुंबईनं घेतलं. त्या न्यूटनकडे हायस्कूलचा रीतसर, रेग्युलर, आतला डिप्लोमा होता, आणि त्याला धड वाचता येत नव्हतं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मग प्लेटोचं 'रिपब्लिक' घेऊन बसला, एकेक शब्द शोधत तेच पुस्तक पुन्हापुन्हा वाचत शिकला. म्हणजे कागद फसवतो, आणि येत नसेल तर येत नाही हे लपवून भागत नाही, हे मलाही कबूल. पण तो शिकला ते प्लेटोवर. 'कमल बघ' वर त्याला सहा महिने बसवला असता तर तो आला असता का पुन्हा?

म्हणून माझी सूचना. कागद सगळ्यांकडून लिहून घेऊ. उतारा नको, स्वतःबद्दल पानभर लिहा म्हणू, आणि रोजच्या हिशेबाची पाच गणितं. मार्क द्यायचे नाहीत. ते कागद आपण तिघांनी वाचायचे, शॉनेसीबाईंसारखे, आणि कुणाला अपूर्णांक अडतोय, कुणाला जोडाक्षर, याची वही करायची. वर्ग एकच. दहावीचा. रविवारी सकाळी एक जादा तास, ज्याला अडतंय त्याच्यासाठी. तो मी घेतो. गणितात ३५ वाला माणूस गणिताचा तास घेणार म्हणून हसू नका, काठावरून जाताना कुठं पाय घसरतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

बाकडी कमी पडतील. पडू देत. गोदीत डनेजच्या फळ्या पडलेल्या असतात, मुकादमाला विचारलंय, चार-पाच देईल. विटांवर टाकल्या की बसता येतं.

ताईचं राहिलं. तिनं खालचा पहिला वर्ग केला. दुसऱ्याची फी भरायची तारीख पुढच्या महिन्यात आहे. भरू का, म्हणून विचारत होती. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी इथलं ठरू दे म्हटलं.

शनिवारी माझी सकाळची पाळी आहे, संध्याकाळी सातला इथं येतो. कागद आणि पेनं मी आणीन. यादी ४६ ची आहे, पण पन्नास आणतो. मागं भिंतीला टेकून ज्या चौघी उभ्या आहेत त्यांची नावं अजून यादीत नाहीत.